मदत हवी आहे : सहा मिनिटांची चालण्याची चाचणी, आधीचे आणि नंतरचे आकडे भरवशाचे कसे ठेवायचे? (ठाणे)

घोडबंदर_फिजिओ
नमस्कार. फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी अभ्यास आखतेय. घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीतल्या ५० ते ६५ वयाच्या महिला, आठवड्यातून पाच दिवस ३० मिनिटं भरभर चालणं, एकूण आठ आठवडे. सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा सहा मिनिटांची चाचणी, म्हणजे सहा मिनिटांत किती मीटर चालल्या ते मोजायचं. मार्चमध्ये सुरू करून मेमध्ये संपवायचा विचार आहे. प्रस्ताव अजून एथिक्स कमिटीकडे गेलेला नाही, सध्या वर्गमैत्रिणींवर फक्त सराव चाललाय. अडचणी अशा :
१. तीच मुलगी दुसऱ्यांदा चालली की अंतर वाढतं. मग कुठलं धरायचं?
२. मनगटी घड्याळ आणि ऑक्सिमीटर यांच्या नाडीत २०-२५ चा फरक येतो. ऑक्सिजन मध्येच ८६ दाखवतो आणि लगेच ९७.
३. काही जणी बीपीच्या, शुगरच्या गोळ्या घेतात. २२० वजा वय करून नाडीचं लक्ष्य ठरवलं तर चालेल का?

पारसिक
पहिला प्रश्न किरकोळ समजू नका, सगळा प्रबंध त्यावर उभा आहे. दुसऱ्या खेपेला अंतर वाढतं ते सवयीमुळे. वळायचं कसं, वेग किती ठेवला तर सहा मिनिटं पुरेल, याचा अंदाज आलेला असतो. दीर्घ श्वसनविकाराच्या रुग्णांत ही वाढ सरासरी २५ मीटरच्या आसपास येते. आणि रुग्णाला खरोखर जाणवेल असा किमान फरक श्वसनरोग संघटनांच्या २०१४ च्या युरोपीय-अमेरिकी मानकात ३० मीटर धरलाय. म्हणजे आधी एक आणि नंतर एक अशीच चाचणी घेतलीत, तर आठ आठवडे घरी बसलेली बाईही जवळपास ‘सुधारलेली’ दिसू शकते. म्हणून आधी दोन, नंतरही दोन. मध्ये किमान ३० मिनिटं विश्रांती, नाडी आणि धाप मूळपदावर आल्याशिवाय दुसरी सुरू करायची नाही. दोन्हींतलं जास्त अंतर धरायचं, आणि हे प्रस्तावातच लिहून ठेवायचं.

मार्ग सरळ ३० मीटर, दर ३ मीटरला खूण, दोन्ही टोकांना शंकू. गोल किंवा लंबगोल मार्गावर वळताना थांबावं लागत नाही, म्हणून अंतर फुगतं. आधी १० मिनिटं खुर्चीत बसवा. कुणाच्या बरोबरीने चालू नका, तुमचा वेग तिला लागतो. फार तर पाठीमागे राहा. मध्ये ती थांबली तरी घड्याळ चालूच राहतं.

बोलायची वाक्यं ठरलेली आणि सगळ्यांना सारखीच हवीत. मराठीत अशी बसतात : पहिल्या मिनिटाला ‘छान चाललंय, अजून पाच मिनिटं आहेत.’ दुसऱ्याला ‘असंच चालू ठेवा, चार राहिली.’ तिसऱ्याला ‘छान चाललंय, निम्मं झालं.’ चौथ्याला ‘असंच चालू ठेवा, दोनच राहिली.’ पाचव्याला ‘छान चाललंय, एकच मिनिट.’ शेवटचे १५ सेकंद उरले की ‘आता थांबा म्हणेन, तेव्हा आहात तिथेच थांबा, मी येते.’ ‘चला काकू, जोरात!’ हे एकीला म्हटलं आणि दुसरीला नाही, तर तुमचा उत्साहच मीटरमध्ये मोजला जातो.

सानपाडा_लॅब
दुसऱ्या प्रश्नाचं. घड्याळाचा सेन्सर प्रकाशावर चालतो. पट्टा सैल असला की तो नाडीऐवजी पावलांचा ठेका पकडतो. भरभर चालताना मिनिटाला ११०-१२० पावलं पडतात, घड्याळही नेमकं तेवढंच दाखवत असेल तर संशय घ्या. बांगड्या आपटून घड्याळ सरकतं ते वेगळंच. मनगटाच्या हाडाच्या दोन बोटं वर, घट्ट, आणि बांगड्या त्या हातातून काढून. शक्य असेल तर छातीचा पट्टाच वापरा, त्याचे इलेक्ट्रोड पाण्याने ओले करून.

८६ आणि लगेच ९७ हा बहुतेक हात हलल्याचा दोष. ऑक्सिमीटरची नाडी आणि तुम्ही मनगटावर मोजलेली नाडी जुळत नसेल, तर तो ऑक्सिजनचा आकडा ग्राह्य नाही. बोट गार नको, त्यावर नेलपॉलिश किंवा मेंदी नको. पण आकडा स्थिर असेल आणि खरोखर ८० च्या खाली गेला तर चाचणी थांबवा.

येऊरवाट
तिसरा मुद्दा. २२० वजा वय हा कमाल नाडीचा ढोबळ हिशेब आहे. ६० व्या वर्षी तो १६० देतो, २००१ चं तनाका सूत्र (२०८ वजा वयाच्या ०.७ पट) १६६ देतं. बीपीसाठी अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल चालू असेल तर दोन्ही निरुपयोगी, कारण त्या गोळ्या नाडी वर जाऊच देत नाहीत. गोळी बंद करायला सांगू नका, नाव आणि वेळ नोंदवा. श्रम बोर्ग मापनावर (किती दमल्यासारखं वाटतं, याला तिने स्वतः दिलेला आकडा) ठेवा : ६ ते २० च्या मापनावर १२-१३, म्हणजे वाक्य बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही. ० ते १० चं मापन वेगळं आहे. एका कागदावर दोन्ही छापले की तक्त्यात गोंधळ ठरलेला. धाप आणि पायांचा थकवा वेगवेगळा विचारा.

चाचणीत कुणाला घ्यायचं नाही तेही लिहा : गेल्या महिन्याभरात हार्ट अटॅक किंवा अस्थिर अंजायना (हृदयाला रक्त कमी पडून विश्रांतीतही होणारं छातीचं दुखणं) असलेल्या कुणालाही नाही. बसलेली नाडी १२० च्या वर, किंवा बीपी वरचं १८०, खालचं १०० च्या वर असेल तर त्या दिवशी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) घेणारी बाई सकाळी उपाशीपोटी चालायला आली तर आधी साखर तपासा. ९० च्या खाली असेल तर काही खाऊ घालून मगच सोडा. छातीत दुखणं, तोल जाणं, पांढरं पडणं, दरदरून घाम : लगेच थांबवा.

पारसिक
एक राहिलं, आणि ठाण्यात ते विसरून चालणार नाही. मार्च ते मे ही निवड अभ्यासाला घातक आहे. दमट उकाड्यात रक्त त्वचेकडे वळतं, घामाने प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) कमी होतो, ठोक्यामागे रक्त कमी फेकलं जातं आणि त्याच वेगाला नाडी वर जाते. म्हणजे खरी सुधारणा झाकली जाईल. उलट साधारण १० ते १४ दिवसांत शरीर उन्हाला सरावतं, प्लाझ्मा वाढतो, नाडी उतरते. ते श्रेय तुम्ही चालण्याला द्याल. नोव्हेंबर ते जानेवारी घ्या. सगळ्या चाचण्या सकाळी सात ते साडेआठमध्ये, तापमान-आर्द्रतेची नोंद प्रत्येक वेळी. सोसायटीच्या पोडियमचा (पार्किंगवरच्या मोकळ्या जागेचा) स्लॅब संध्याकाळीही तापलेला असतो, तिथे दुपारनंतर काहीच मोजू नका.

आणि तुलनेचा गट हवाच. सवय, हवामान दोघांनाही सारखं लागतं, फरक उरतो तो चालण्याचा. त्या गटाला अभ्यास संपल्यावर तोच कार्यक्रम द्या. अंतर मोजणाऱ्या व्यक्तीला कोण कुठल्या गटात हे कळू देऊ नका.

घोडबंदर_फिजिओ
खूप आभार. किती जणी लागतील? आणि पोडियमवर सरळ जागा २४ मीटरच मिळतेय.

सानपाडा_लॅब
दोन गटांत ३० मीटरचा फरक पकडायचा आणि बदलाचं प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरतात ते) ६० मीटर धरलं, तर ८० टक्के पॉवरला (फरक खरा असेल तर तो सापडण्याची शक्यता) प्रत्येक गटात ६३. मध्येच सोडणाऱ्यांची गळती २० टक्के धरली तर ७९. विचलनाचा आकडा तुमच्यासारख्याच गटावरच्या प्रकाशित अभ्यासातून घ्या, ६० हे उदाहरण आहे.

२४ मीटर चालेल, पण आधी-नंतर तेच २४ ठेवा. वळणं वाढतात, अंतर घटतं, म्हणून उंची, वजन, वयावरून अपेक्षित अंतर काढणाऱ्या १९९८ च्या एनराइट-शेरिल सूत्राशी तुलना करू नका. १५० सेंमी, ६० किलो, ५८ वर्षांच्या बाईला ते सुमारे ५११ मीटर देतं, पण ते ४० ते ८० वयाच्या अमेरिकनांवर बेतलंय. त्यापेक्षा कमी आलं म्हणून कुणाला ‘असामान्य’ लिहू नका.

येऊरवाट
क्रम पाळा : एथिक्स मंजुरी, मग सीटीआरआय (भारताची क्लिनिकल ट्रायल नोंदवही) नोंदणी, मगच पहिली सहभागी. १ एप्रिल २०१८ पासून तिथे सुरू झालेल्या अभ्यासाची मागाहून नोंदणी होत नाही. मंजुरीआधी सोसायटीतल्या कुणाची ‘सहज’ चाचणी घेतलीत तर तो आकडा प्रबंधात वापरता येणार नाही. संमतीपत्र मराठीत, आणि मध्येच सोडायची मुभा आहे हे वाक्य पहिल्या पानावर.