ऑनलाइन लिलावातला जुना पूल क्यू (बिलियर्डसारख्या ‘पूल’ खेळाची काठी): बोली लावण्याआधी काय बघायचं?

प्रश्न (राजारामपुरीकर):
अमेरिकेतल्या एका लिलावात ‘बालाबुश्का’ क्यू लागलाय. फोटो चारच. कोल्हापुरात बसून खरा-खोटा कसा ओळखायचा?

उत्तर (शाहूपुरी):
दादा, नुसत्या नावावर जाऊ नका. क्यू बनवणारे कारागीर जॉर्ज बालाबुश्का १९७५ साली वारले. पुढे परवाना घेऊन त्याच नावाचे क्यू जपानमध्ये बनले, तेच जास्त फिरतात. जॉइंटची (क्यूचे दोन तुकडे जुळतात तिथली) पिन, तिथली कडी म्हणजे कॉलर आणि बटावरचे (मागच्या जाड तुकड्यावरचे) पॉइंट म्हणजे टोकदार नक्षी यांचे जवळून फोटो मागा. टिपजवळ (चेंडूला लागणाऱ्या टोकाजवळ) शाफ्टला, म्हणजे पुढच्या बारीक तुकड्याला, कॅलिपर (जाडी मोजायचं साधन) लावायला सांगा. जुना शाफ्ट साधारण १३ मिमी असतो. १२ च्या खाली असेल तर घासून बारीक केलाय. व्हिडिओ मात्र हवाच: शाफ्ट आणि बट आधी वेगवेगळे लोळवायचे, मग जोडून. सुटे सरळ लोळतात आणि जोडल्यावर टिप वर-खाली उडते, म्हणजे जॉइंटची तोंडं नीट बसत नाहीत. ‘नव्याने पॉलिश’ लिहिलं असेल तर किंमत पाडूनच बोला. मूळ फिनिश परत येत नाही.

उत्तर (मंगळवार पेठ):
फेरूल (टिपच्या खालची बांगडी) किंवा जडावकाम हस्तिदंताचं असेल तर हात लावू नका. भारतात त्याची आयात चालत नाही, कस्टममध्ये माल जप्त होतो. ड्युटीही फक्त बोलीवर नाही, भाडं आणि विमा धरून लागते.

उत्तर (शाहूपुरी):
आणि पार्सल जुलैत मागवू नका. आपल्याकडच्या पावसात मेपल ओल धरतं. भिंतीला तिरका टेकवलात तर शाफ्टला बाक आलाच समजा.