चुनकळीतली उष्णता येते कुठून?
चुनकळीवर, म्हणजे चुनखडी भाजून मिळणाऱ्या चुन्यावर, पाणी टाकलं की ते उकळायला का लागतं, या प्रश्नाला 'चुन्यात उष्णता साठलेली असते' असं एक उत्तर दिलं जातं. ते अर्धवट आहे. हिशेब भट्टीपासून मांडायला हवा.

चुनखडी साधारण ९०० अंश सेल्सिअसला भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो. १०० ग्रॅम, म्हणजे एक मोल (रसायनशास्त्रात पदार्थ मोजायचं एकक) चुनखडीला त्यासाठी सुमारे १७८ किलोज्यूल लागतात आणि ५६ ग्रॅम चुनकळी उरते. तिच्यात पाणी मुरलं की त्यातले ६५ परत मिळतात. म्हणजे एक किलो चुनकळीला साडेअकराशे किलोज्यूलच्या पुढे! म्हणून तर ढेकळं तडकतात, फुलतात, वाफ उसळते. मग उरलेले ११३? तोच चुना भिंतीला लागल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत पुन्हा चुनखडी होतो, तेव्हा तेही सुटतात. पण महिनोन्महिने, इतक्या सावकाश की हाताला कळतच नाही. ६५ आणि ११३ मिळून बरोबर १७८. मला यातलं हेच सगळ्यात सुंदर वाटतं, आणि वर्गात भाजणं, पाणी मुरणं आणि पुन्हा चुनखडी होणं ही तिन्ही समीकरणं शिकवताना ही बेरीज फळ्यावर मांडायलाच हवी.

मुलांना दाखवणार असाल तर चुनकळी थोडी थोडी पाण्यात सोडा, एकदम पाणी ओतू नका. संरक्षक चष्मा हवाच. उडालेला चुना डोळ्याला कायमची इजा करू शकतो.