मदत हवी आहे: आई फराळ घेऊन येतेय, विमानात काय चालतं?

शुभदा_स: आई शनिवारी माझ्याकडे येतेय, पहिल्यांदाच विमानाने आणि एकटीच. चकली, चिवडा, करंज्या, अनारसे असे डबे भरून तयार आहेत. शिवाय कैरीचं लोणचं आणि घरचं साजूक तूप. हातातल्या बॅगेत काय नेऊ देतात? लवकर सांगा, आजच बॅगा भरायच्यात.

भटकीवाट: लोणचं आणि तूप हातात नको. १०० मिलीच्या वरची बरणी सिक्युरिटीला काढून घेतात. माझ्या मावशीची तुपाची बरणी तिथल्या ट्रेमध्येच राहिली, बिचारी विमानात बसेपर्यंत रडत होती. झाकणाला टेप लावा, दोन पिशव्यांत गुंडाळा आणि मोठ्या बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवा.

गोदाकाठ: येतेय कुठे, ते लिहिलंच नाही! देशात की बाहेर?

सिडनीची_सून: इथे ऑस्ट्रेलियात उतरताना कार्डावर खाण्याचं सगळं जाहीर करावं लागतं. शंका असली तरी 'होय'वरच खूण करायची. दडवलेलं सापडलं तर दंड होतो. सासूबाई आल्या तेव्हा आम्ही प्रत्येक डब्यावर इंग्रजीत नाव लिहून चिकटवलं होतं.

गोदाकाठ: अहो, पण त्या ऑस्ट्रेलियाला चालल्यात असं कुठे म्हटलंय?

पंचगंगा: फराळ राहू दे, प्रवासात आई खाणार काय? दुधात कणीक भिजवून दशम्या करा आणि लसणाची चटणी द्या.

भटकीवाट: लसणाची चटणी बंद विमानात उघडू नका हो. शेजारच्यांचा विचार करा.

पंचगंगा: गार सँडविचपेक्षा शंभर पटीने बरी! आमच्याकडे शिदोरी वाटून खातात, शेजारच्यालाही द्यायची.

शुभदा_स: दुबईला हो! विषय भरकटवू नका, आई डबे बांधायला बसलीय.

वाळूतली_वाट: ताई, आधी आईंना फोन करा. अनारसे खसखशीवर थापलेत ना? यूएईत खसखस आणायला सक्त बंदी आहे. ते अफूच्या बोंडातलं बी, तिथे अमली पदार्थांत धरतात, तुरुंग होऊ शकतो. मी १४ वर्षं शारजात आहे, कळकळीने सांगतोय. करंजीच्या सारणात भाजून घातलीय का तेही विचारा. कांदा-लसूण मसाला देत असतील तर त्यातही असते.

भटकीवाट: अनारशाची सुरीने खरवडून काढता येईल.

वाळूतली_वाट: अजिबात नाही. तुपात तळताना दाणा जाळीत रुतून बसतो, सगळे निघत नाहीत. एवढ्यासाठी आईंना अडचणीत घालू नका. ते अनारसे घरीच खाऊ देत.

गोदाकाठ: सुक्या खोबऱ्याच्या वाट्या देणार असाल तर त्याही नकोत. चेक-इन बॅगेत त्यांना २०२२ पासून मनाई आहे. तेल असतं, पेट घेऊ शकतात.

सिडनीची_सून: दुबईत सगळं विकत मिळतं की. कशाला एवढा खटाटोप?

पंचगंगा: आईच्या हातचं मिळतं का विकत?

शुभदा_स: केला फोन. करंज्यांत खसखस आहेच. शिवाय गोड्या मसाल्याची पुडी होती, ती मी लिहायचीच विसरले, त्यातही आहे! सगळं काढायला लावलं. आईचा आवाजच बसला, चार दिवस खपून केलं होतं. वाळूतली_वाट, तुमचे उपकार कसे फेडू? अनारशाचं पीठ थोडं उरलंय, ते आई रव्यावर थापतेय. तेच डबे धुऊन वापरले तर चालतील?

वाळूतली_वाट: नको, झाकणाच्या खाचेत दाणे अडकतात. डबे नवे घ्या. बॅगही उलटी करून झटका.

पंचगंगा: आणि रव्यावरचा आधी एकच तळून बघायला सांगा. पीठ सैल झालं असेल तर अनारसा तुपात हसतो, म्हणजे फुटून पसरतो. तसं झालं तर चमचाभर तांदळाची पिठी मळून घ्या.