मदत हवी आहे: जुन्या रहस्यकथांची पॉकेटबुकं ओसीआर करून (फोटोतली छापील अक्षरं संगणकाकडून वाचून घेऊन) किंडलवर कशी आणायची?

रहस्यरंजन_नागपूर:
नागपुरात सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांत मिळालेली पन्नास-साठच्या दशकातली मराठी पॉकेटबुकं आहेत. बहुतेक रहस्यकथा, थोड्या विज्ञानकथा. फक्त स्वतःला वाचायला ई-बुक करायची आहेत, कुठेही चढवायची नाहीत. आकार साधारण १२ बाय १८ सेंटिमीटर, कागद न्यूजप्रिंटसारखा पिवळा, पाठ डिंकाने चिकटवलेली. हाताशी १२ मेगापिक्सेलचा फोन, उबुंटू असलेला ८ जीबीचा लॅपटॉप आणि साधं किंडल.

सध्याची पद्धत: फोटो काढून स्कॅनटेलरमध्ये साफ करणे, मग जीइमेजरीडरमधून टेसेरॅक्ट (अक्षरं ओळखणारा प्रोग्राम), शेवटी कॅलिबर या ई-बुक प्रोग्राममध्ये मोबी फाइल. अडचणी चार. अर्धे अनुस्वार गळतात. 'चेहऱ्यावर'चं 'चेहर्यावर' होतं. किंडलवर जोडाक्षरं फुटून हलन्त दिसतात. आणि एका दिवाळी अंकाची पीडीएफ आहे, ती पडद्यावर नीट दिसते, पण मजकूर कॉपी केला की इंग्रजी अक्षरांचा कचरा येतो.

टर्मिनलवाला:
अनुस्वार गळण्यामागे बहुतेक स्कॅनटेलरचं डिस्पेकल आहे. शेवटच्या आउटपुट पायरीत ते कागदावरचे ठिपके पुसतं आणि त्याच्या लेखी अनुस्वारही ठिपकाच. 'ॲग्रेसिव्ह'वर असेल तर पूर्णविरामही जातात. बंद करा, फार तर 'कॉशस' ठेवा. तिथेच अक्षर जाड-बारीक करायची पट्टी आहे. ती बारीककडे नेली की शिरोरेषा तुटते, आणि तुटलेल्या शिरोरेषेचा एक शब्द टेसेरॅक्ट दोन-तीन शब्द म्हणून वाचतो.

पण खरं काम फोटोतच होतं, सॉफ्टवेअर नंतर. १८ सेंटिमीटर म्हणजे ७.१ इंच. १२ मेगापिक्सेलच्या फोटोची लांब बाजू साधारण ४००० पिक्सेल, म्हणजे एकच पान चौकटभर घेतलं तर ५५० डीपीआयच्या (इंचामागे ठिपके) वर मिळतात. ओसीआरला ३०० पुरतात. म्हणून फोन फार जवळ नेऊ नका, जवळून कडा वाकड्या येतात. थोडं दूर धरून पानाभोवती मोकळी जागा सोडलेली चालते. पानावर ४ मिलिमीटरची साधी काच ठेवा. फ्रेमवाल्याकडून कापून घ्या आणि कडा घासून मागा. छतावरची ट्यूबलाइट बंद, उजेड दोन्ही बाजूंनी तिरका, म्हणजे काचेत चमक येत नाही. मागच्या पानाची छपाई आरपार दिसत असेल तर पानाखाली काळा कागद सरकवा. पांढरा ठेवला तर मागची अक्षरं उलट उठून दिसतात.

आणि मे महिन्यात हे काम कूलरच्या झोतात करू नका. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ओल पिवळा कागद लगेच शोषतो, पानं लाटांसारखी वर येतात आणि ओळी वाकतात. पान सरळ करायला स्कॅनटेलरमध्ये डीस्क्यू आहे, पण ते अख्खं पान फिरवतं, ओळीतली लाट काढत नाही. त्यापेक्षा सकाळी कूलर बंद ठेवून एक पुस्तक उरका. पाठीचा डिंक ठिसूळ झाला असेल तर पुस्तक १८० अंशांत उघडूच नका. ९० अंशांत टेकवून आधी सगळी उजवी पानं घ्या, मग सगळी डावी. नंतर फायलींची नावं सम-विषम आकड्यांनी जुळवायची.

टेसेरॅक्टमध्ये भाषा फक्त मराठी निवडा. हिंदी-इंग्रजी 'असू दे' म्हणून जोडू नका, इंग्रजी जोडलं की दंड आणि काना कधी 'आय', कधी 'एल' होऊन येतात. डेटा 'बेस्ट' संचातला घ्या. वितरणाबरोबर बहुधा 'फास्ट' येतो. पान-विभागणीचा पर्याय एकाच स्तंभासाठी ६ ठेवा. प्रकरणाचं शीर्षक मोठ्या टायपात असेल तर त्या पानापुरतं ४.

वऱ्हाडी_रेजेक्स:
'ऱ्या'वर मी लिहितो, कारण इथेच बहुतेक जण घाई करून पुस्तक बिघडवतात.

ओसीआर 'र्या' देतं, हवा असतो 'ऱ्या'. सरसकट शोधा-बदला चालवलं तर 'मर्यादा', 'पर्याय', 'कार्यालय', 'सूर्यास्त' आणि 'आचार्यांनी' या सगळ्यांचा सत्यानाश होतो. म्हणून टप्प्याटप्प्याने जा. आधी 'णार्या' बदलून 'णाऱ्या' करा. 'करणाऱ्या', 'पळणाऱ्या', 'मारणाऱ्या' असे शेकडो शब्द एका फटक्यात सुटतात आणि यात तत्सम शब्द सापडत नाही. मग 'सर्या' (दुसऱ्या, तिसऱ्या), 'हर्या' (चेहऱ्यावर), 'पर्यात' (कोपऱ्यात, खोपऱ्यात). 'पर्या' एवढंच घेऊ नका, 'पर्याय' तिथेच बसला आहे. 'सार्या', 'खर्या', 'बर्या', 'वार्या', 'पायर्या' एकेक करून, प्रत्येक ठिकाणी डोळ्यांनी पाहून. 'कार्या' कधीच आपोआप बदलू नका: 'कार्याला' बरोबर असतं आणि 'अधिकाऱ्या'सारखं काही आलं तर हाताने करा. 'र्ह' विसरू नका, नाहीतर 'वऱ्हाड'चं 'वर्हाड' राहील आणि 'गोऱ्हा'चं 'गोर्हा'.

रेजेक्समध्ये (नमुना देऊन शोधायच्या पद्धतीत) शब्दसीमेचं चिन्ह टाळा. काही प्रोग्राम काना-मात्रा अक्षरात धरतच नाहीत, त्यामुळे शब्दाच्या मधोमध 'सीमा' सापडते. त्याऐवजी मोकळी जागा किंवा विरामचिन्ह हीच सीमा माना.

अजून एक भानगड. 'ऱ्या' दोन तऱ्हांनी लिहिला जातो: एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर अधिक हलन्त अधिक य, दुसरा, साधा र, हलन्त, मग न दिसणारा झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं चिन्ह), मग य. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण एक शोधला तर दुसरा सापडत नाही. युनिकोड नॉर्मलायझेशनने (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं आपोआप एक करण्याने) हे जुळत नाही, हाताने एकाच रूपात आणावं लागतं. पहिलं घ्या. तसंच 'अ'वर चंद्र लावलेला 'अॅ' आणि एकसंध 'ॲ', किंवा 'आॅ' आणि 'ऑ'. रहस्यकथेत 'ॲसिड' आणि 'ऑफिस' पानोपानी असतात, म्हणून हे आधीच उरका.

मग नेहमीच्या जोड्या: घ-ध, भ-म, थ-य, ब-व, प-ष, आणि विसर्गाच्या जागी कोलन. 'धर' आणि 'घर' दोन्ही खरे शब्द, त्यामुळे स्पेलचेकर गप्प बसतो. ते वाचूनच कळतं, जी.

खसताटी:
किंडलचा दोष मोबीचा आहे. जुन्या मोबीत फॉन्ट जोडताच येत नाही. कॅलिबरमधून एझेडडब्ल्यू३ (किंडलचं मोबीनंतरचं फाइल-स्वरूप) करून यूएसबीने टाका, किंवा ईपब करून ॲमेझॉनच्या सेंड टू किंडलने पाठवा; ती सेवा २०२२ पासून ईपब घेते. त्याआधी कॅलिबरमध्ये पुस्तकाच्या मेटाडेटात भाषा मराठी आहे ना ते बघा, तिथे इंग्रजी राहिलेली असते. नोटो देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' असतात, पण ते भाषा मराठी सांगितली तरच दिसतात, नाहीतर हिंदी वळण येतं. फॉन्ट फाइल ईपबमध्ये घातली असेल तर किंडलवर अक्षरांच्या यादीतून 'पब्लिशर फॉन्ट' निवडा.

कोरीडर हे वाचन-ॲप वापरणार असाल, म्हणजे अँड्रॉइडवर किंवा कोबो ई-रीडरवर, तर फॉन्टच्या सेटिंगमध्ये कर्निंग (अक्षरांची जुळणी) 'बेस्ट' ठेवा. खालच्या पर्यायात जोडाक्षरं पूर्ण जुळत नाहीत.

दिवाळी अंकाच्या पीडीएफचं: वाचकात डॉक्युमेंट प्रॉपर्टीज उघडून फॉन्टचा टॅब बघा. श्रीलिपी, कृतिदेव असं काही नाव असेल तर तो युनिकोडपूर्व फॉन्ट आहे. आत इंग्रजी कोडच साठवलेले आहेत, फक्त चित्र मराठी. नेमका त्याच फॉन्टचा कन्व्हर्टर असेल तरच वापरा, जवळच्या नावाचा चालत नाही, जोडाक्षरं हमखास बिघडतात. कन्व्हर्टर नसेल तर पानं ३०० डीपीआयवर चित्र करून ओसीआरला द्या. छपाई स्वच्छ असल्याने निकाल पॉकेटबुकांपेक्षा चांगलाच येईल.

कायदाकट्टा:
स्वतःपुरतं करून राहिले तर कॉपीराइट कायद्यातल्या फेअर डीलिंगमध्ये (परवानगीशिवाय चालणाऱ्या वापरात) खाजगी वापर येतो. पण ग्रुपवर टाकायचं झालं तर लेखकाच्या निधनानंतरची ६० वर्षं मोजा, पुढच्या कॅलेंडर वर्षाच्या सुरुवातीपासून. १९६० साली वारलेल्या लेखकाचं लेखन १ जानेवारी २०२१ ला खुलं झालं. मुखपृष्ठाच्या चित्रकाराचे हक्क वेगळे, हे लोक विसरतात.

रहस्यरंजन_नागपूर:
डिस्पेकल बंद केल्यावर अनुस्वार आले. पण आता उलटं होऊन राहिलं, कागदावरचे डागच अनुस्वार म्हणून वाचले जातात. शिवाय पुस्तकात मुळातच 'नाहीं', 'कांहीं', 'केलें' आहे, म्हणून डाग कुठला आणि छापलेला कुठला हे कळत नाही. हे सगळं आजच्या शुद्धलेखनात बदलू का?

टर्मिनलवाला:
स्कॅनटेलरचं आउटपुट काळं-पांढरं न करता ग्रेस्केल घ्या, काळं-पांढरं करायचं काम टेसेरॅक्टवर सोडा. त्याच्या आवृत्ती ५ मध्ये थ्रेशोल्डिंगचा (काळं काय, पांढरं काय हे ठरवायच्या पद्धतीचा) पर्याय आहे. ० हा मूळचा ऑट्सू, २ म्हणजे साउव्होला. कमी-जास्त पिवळ्या पडलेल्या कागदावर २ बरा चालतो, कारण तो पानाला एकच उंबरठा न लावता आजूबाजूचं बघून ठरवतो. जीइमेजरीडरमध्ये सापडला नाही तर टर्मिनलवरून चालवा.

वऱ्हाडी_रेजेक्स:
बदलू नका. १९६२ च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, त्याआधीच्या पुस्तकात ते असणारच. डाग ओळखायला एक सोपी चाळणी आहे: जुने अनुस्वार ठरलेल्या जागीच येतात, 'नाहीं', 'कांहीं', 'तें', 'केलें', 'घरांत', 'त्यानें' अशा. या जागांबाहेरचा जो अनुस्वार शब्दकोशात नाही, तोच मूळ फोटोशी ताडा. लिब्रेऑफिसचा मराठी शब्दकोश ओएक्सटी स्वरूपात कॅलिबरच्या एडिटरमध्ये जोडता येतो. जुन्या लेखनामुळे यादी लांबलचक लाल होईल, म्हणून यादीतले वरचे वीसेक शब्द आधी वैयक्तिक शब्दकोशात टाका, मग उरलेली यादी हाताळण्याजोगी होते.