न्यूझीलंडमधलं प्लेसमेंट संपतंय, लहान मुलांना कसं सांगायचं?

मोरपीस:
नमस्कार मंडळी. मी न्यूझीलंडमध्ये अर्ली चाइल्डहुड टीचिंगचा डिप्लोमा करतेय, शेवटचं प्रॅक्टिकम म्हणजे प्रत्यक्ष शिकवण्याचं प्लेसमेंट एका बालशिक्षण सेंटरमध्ये चालू आहे आणि ते पुढच्या शुक्रवारी संपतंय. कागदांचं बरंचसं मार्गी लागलंय, ट्रायाडिक म्हणजे मी, असोसिएट टीचर (सेंटरमधल्या माझ्या मार्गदर्शक) आणि कॉलेजकडून येणारे व्हिजिटिंग लेक्चरर अशी तिघांची मीटिंगही छान झाली. प्रश्न मुलांचा आहे.

टॉडलर रूममध्ये एक पावणेदोन वर्षांचा मुलगा आहे. सुरुवातीला मला जवळसुद्धा येऊ देत नव्हता, नॅपी बदलायला त्याची नेहमीची टीचरच लागायची. आता तोच माझं बोट धरून बेसिनपाशी नेतो आणि बाह्या वर कर म्हणून दोन्ही हात पुढे करून उभा राहतो, झोपताना पाठीवर माझाच हात हवा असतो. मोठ्यांच्या रूममधली एक चार वर्षांची मुलगी रोज घरी जाताना विचारते, उद्या आहेस ना तू? आत्तापर्यंत हो म्हणता येत होतं.

तिथल्या एक टीचर म्हणाल्या, मुलांना काही सांगू नकोस, शुक्रवारी सगळी झोपली की निघ, नाहीतर रडारड होते आणि मग सावरायला आम्हीच असतो. त्यांची अडचण मला कळते, पण असं निघून जाणं मला अजिबात पटत नाहीये. ज्यांनी इथे प्लेसमेंट केलंय किंवा शिकवताय त्यांनी प्लीज सांगा, कधी सांगायचं, कसं सांगायचं, आणि इतक्या लहानाला कळतं तरी का?

जुईचा_वेल:
मोरपीस, तुला वाटतंय तेच बरोबर आहे, मुलं झोपलेली असताना निघू नकोस. मी इथे बरीच वर्षं सेंटरमध्ये शिकवतेय, विद्यार्थी येतात जातात, आणि जे गुपचूप जातात त्यांना मुलं शोधत राहतात. त्यातून मूल झोपलेलं असतानाच माणूस निघून गेलं तर पुढचे काही दिवस ते मूल झोपायलाच तयार होत नाही, डोळे मिटायला लागले की दचकून उठून बसतं. म्हणजे रडणं काही टळत नाही, फक्त तू तिथे नसताना होतं.

आता कसं सांगायचं ते. मोठ्यांच्या रूमचं सोपं आहे, कारण इथल्या मुलांना निरोप माहीत असतो. शाळा सक्तीची सहाव्या वर्षापासून असली तरी बहुतेक मुलं पाचवा वाढदिवस झाला की जातात, आणि ज्याचा वाढदिवस जेव्हा असेल त्याप्रमाणे, त्यामुळे वर्षभर कुणी ना कुणी सेंटर सोडून जातच असतं. प्रत्येक सेंटरची त्यासाठी एक पद्धत ठरलेली असते, कुठे वायाता म्हणजे माओरी गाणी म्हणतात, कुठे केक असतो, काही ठिकाणी जाणाऱ्या मुलाच्या अंगावर कोरोवाय, म्हणजे माओरी मानाची शाल, घालतात. मुलांनी हे इतक्यांदा पाहिलेलं असतं की आपल्यातलं माणूस जातं, त्याला सगळे मिळून निरोप देतात आणि दुसऱ्या दिवशी सेंटर नेहमीसारखं चालू असतं हे त्यांना ठाऊक असतं. त्या चार वर्षांच्या मुलीला नेमकं हेच सांग, की ते अमके मोठ्या शाळेत गेले ना, तशी मी पण जाणार आहे, माझं इथलं शिकणं झालं. ते फारिकी म्हणजे आपला इथला अभ्यासक्रम, १९९६ चा, २०१७ मध्ये सुधारलेला, त्यात बिलाँगिंगखाली म्हटलंच आहे की नेहमीचे रूटीन, प्रथा आणि प्रसंग यांत मुलांना मोकळं वाटलं पाहिजे. निरोप ही पण त्यातलीच एक प्रथा आहे, ती चुकवायची कशाला?

या वयाला ‘पुढचा शुक्रवार’ कळत नाही. चार-पाच दिवस आधी मॅट टाइमला, म्हणजे सगळी मुलं चटईवर एकत्र बसतात तेव्हा, एक दोरी बांध, त्यावर जितके दिवस उरलेत तितके कागद चिमट्यांनी लाव आणि रोज सकाळी एक मुलांकडूनच काढून घे. मुलं मधेच येऊन मोजून जातात, दोरीपाशी उभं राहून एकमेकांना समजावून सांगतात.

टॉडलरचं वेगळं आहे. त्याला फार आधी सांगून उपयोग नाही, शेवटचे दोन-तीन दिवस पुरे, पण वाक्य रोज तेच आणि थोडक्यात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हात बदल. सोमवारपासून झोपवताना त्याच्या नेहमीच्या टीचरला शेजारी बसव, आधी तुझा हात पाठीवर आणि त्या नुसत्या बसलेल्या, मग दोघींचा, मग फक्त त्यांचा आणि तू शेजारी. हात धुताना पण तसंच. शुक्रवारपर्यंत त्याची झोप तुझ्यावर अवलंबून राहायला नको. हे करताना तुला आतून तुटल्यासारखं होईल, कारण तो तुझ्याकडेच हात करेल, तरी कर.

आडवाट:
जुईशी सहमत. फक्त एक, यातलं काहीही सुरू करण्याआधी असोसिएट टीचरशी बोल. ती रूम त्यांची आहे आणि तू गेल्यावर मुलांना त्याच बघणार आहेत. ज्या टीचरनी गप्प निघ म्हणून सांगितलं त्यांना डावलून दोरी-बिरी बांधलीस तर शेवटच्या आठवड्यात उगाच तणाव होईल. आणि सेंटरमध्ये पोरोपोरोआकी म्हणजे माओरी पद्धतीचा निरोप करत असतील तर त्याची वेळ सगळी मुलं जागी असतील आणि पालक न्यायला यायला लागलेले असतील अशी मागून घे.

केतकी_आई:
मी टीचर नाही, पण माझी मुलगी इथल्या सेंटरमध्ये जायची म्हणून लिहिते. तिच्या रूममध्ये दोन विद्यार्थिनी वेगवेगळ्या वेळी येऊन गेल्या. पहिली कधी गेली ते आम्हाला कळलंच नाही. लेक रोज सकाळी बॅग हुकला लावायची आणि थेट सँडपिटच्या मागच्या शेडकडे जायची, कारण ती ताई तिथून खोरी-बादल्या काढायची. तिथे कुणी नाही बघून परत यायची, बोलायची काहीच नाही. मला वाटायचं खेळणी बघायला जाते. रूमच्या टीचरनी सांगितलं तेव्हा कळलं की हिला ती हवी आहे.

दुसरी गेली तेव्हा आठवडाभर आधी दाराशी नोटीस होती, तिचा फोटो आणि कधीपर्यंत आहे ते लिहिलेलं. आम्ही घरी बोलू शकलो. जाताना तिने मुलीच्या पोर्टफोलिओत, म्हणजे सेंटरमध्ये प्रत्येक मुलाच्या नोंदींची वही असते तिच्यात, एक पान लिहिलं, त्यात कौतुकाचे मोठमोठे शब्द नव्हते, ही मुलगी पाण्याचा पाइप वाळूत कसा पुरते आणि दुसऱ्या टोकाने पाणी येईपर्यंत किती धीराने थांबते एवढंच होतं. ते पान लेक कितीदा तरी काढून बघायची आणि मला वाचायला लावायची. मोरपीस, तुला वेळ कमी असेल तर बाकी सगळं राहू दे पण पालकांना आधी कळव. आम्हाला माहीत असलं तर आम्ही घरी सांभाळून घेतो.

निळाई:
जरा कोरडं बोलते, पण शेवटच्या आठवड्यात हेच राहून जातं. असोसिएट टीचरचा फायनल रिपोर्ट सही होऊन हातात आल्याशिवाय सेंटर सोडू नकोस, नंतर ईमेलवर पाठलाग करत बसावं लागतं. पुरावे शिक्षकांसाठी ठरलेल्या सहाही स्टँडर्ड्सप्रमाणे लावलेस का ते बघ, ‘ते तिरिती ओ वाइतांगी’ (माओरी आणि ब्रिटिश राजसत्ता यांच्यातला करार) याचं स्टँडर्ड असतं तिथे बरेच जण दोन वायाता लिहून मोकळे होतात, तिथे तू फानाउबरोबर म्हणजे मुलांच्या कुटुंबांबरोबर खरंच काय केलंस ते येऊ दे. रेफरी, म्हणजे तुझ्याबद्दल शिफारस देणारं माणूस, कोण असेल ते आत्ताच तोंडी विचारून ठेव, तोमुआ सर्टिफिकेट (नव्या शिक्षकांचं तात्पुरतं प्रमाणपत्र) आणि नोकरी दोन्हीच्या धावपळीत ते सुचत नाही.

आणि फोटो. मुलांचे फोटो सेंटरच्या टॅबवर असतील तर तिथेच राहू देत, आठवण म्हणून एकही स्वतःच्या फोनमध्ये घेऊ नकोस. असाइनमेंटमध्ये खरी नावं नकोत. केतकीताई म्हणतात तसं पान लिहायचं असेल तर लर्निंग स्टोरी (मूल काय आणि कसं शिकलं याची गोष्टीसारखी नोंद) म्हणूनच लिही आणि असोसिएट टीचरना दाखवून मग पोर्टफोलिओत लाव.

मोरपीस:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज असोसिएट टीचरशी बोलले. त्या लगेच हो म्हणाल्या, आणि ज्यांनी गप्प निघ म्हटलं होतं त्यांच्याशी आम्ही तिघी मिळून बोललो. त्यांची खरी काळजी अशी होती की शुक्रवारी दुपारी स्टाफ कमी असतो, दोन वर्षांखालच्या पाच मुलांमागे एक मोठं माणूस हा रेशो जेमतेम बसतो, त्यात दोन-तीन मुलं एकदम रडायला लागली तर कुणाला उचलायचं. म्हणून निरोप शुक्रवारी सकाळी फळं खाऊन झाल्यावर ठरलाय, तेव्हा सगळे असतात. मग मी दिवसभर तिथेच असेन आणि दुपारी झोपवायला त्याची टीचर बसेल. दाराशी नोटीस उद्या लागतेय.

एकच विचारायचं राहिलं. त्या मुलीने आज विचारलं की मग परत भेटायला येशील का. मी म्हटलं उद्या सांगते. काय सांगू? मला जावंसं खूप वाटतंय.

जुईचा_वेल:
सेंटरने तारीख दिली आणि तुला नक्की जमणार असेल तरच हो म्हण, नाहीतर ‘माहीत नाही’ असं सरळ सांग. चार वर्षांची मुलं ‘बघू’ याचा अर्थ हो असाच धरतात आणि रोज दाराकडे बघतात. तिला सांग की मी तुझ्याबद्दल एक गोष्ट लिहून तुझ्या पोर्टफोलिओत ठेवणार आहे, आणि गुरुवारच्या आत लिहून ठेव, म्हणजे शुक्रवारी सकाळी तिच्या शेजारी बसून तुला स्वतःलाच वाचून दाखवता येईल.