व्यक्तिचित्रांसाठी पहिली लेन्स: ५० मिमी घ्यावी की ८५ मिमीसाठी थांबावे?

रापणकाठ (वेंगुर्ले)

नमस्कार. कॅनन १५००डी कॅमेरा आणि त्याच्यासोबत मिळालेली १८-५५ मिमीची लेन्स एवढाच माझा संसार आहे. आजवर समुद्र, होड्या आणि माडांच्या बागा यांचेच फोटो काढत आलो. आता माणसांचे चेहरे टिपावेत असे मनापासून वाटू लागले आहे. डोळ्यांसमोर दोन विषय आहेत: दुपारी पडवीत बसून अडकित्त्याने सुपारी कातरणारी माझी आजी, आणि जत्रेच्या रात्री हातातल्या आरशात पाहून स्वतःचा चेहरा स्वतःच रंगवणारे दशावतारी कलावंत. गेल्या जत्रेतले माझे बहुतेक फोटो हललेले आहेत, आणि जे हलले नाहीत त्यांत मागच्या दोरीवरचे कपडे चेहऱ्याइतकेच ठळक दिसतात. खर्चाची मर्यादा दहा हजार रुपयांची आहे. ५० मिमी एफ/१.८ घ्यावी, की आणखी काही महिने पैसे साठवून वापरलेली ८५ मिमी एफ/१.८ शोधावी, याबाबत जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

खळ्यातला उजेड (मालवण)

आपल्या दोन्ही विषयांसाठी ५० मिमी एफ/१.८ एसटीएम (स्टेपिंग मोटरने फोकस करणारी) हीच लेन्स घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे कारण लेन्सच्या गुणवत्तेपेक्षा पडवीच्या रुंदीत आहे. १५००डीचा सेन्सर फुल फ्रेमपेक्षा, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरपेक्षा, लहान असल्यामुळे त्यावर ५० मिमीची लेन्स ८० मिमीसारखी, तर ८५ मिमीची १३६ मिमीसारखी वागते. कॅमेरा उभा धरून डोक्यापासून छातीपर्यंतचा, म्हणजे साधारण ६० सेंटिमीटर उंचीचा भाग चौकटीत घ्यायचा झाल्यास ५० मिमीला जेमतेम दीड मीटर अंतर पुरते. ८५ मिमीला मात्र जवळजवळ अडीच मीटर लागते. आमची पडवी सात फुटांची आहे. ८५ मिमी लावून तिथे फोटो काढायचा तर मला खळ्यात (अंगणात) उतरून तुळशीला पाठ टेकावी लागेल, आणि तोवर आजी "खंय चललंस?" म्हणून मान वळवून मोकळी झालेली असेल.

रात्रीचा प्रश्न वेगळा आहे. आपली १८-५५ लेन्स ५५ मिमीवर नेली की तिचे छिद्र एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही (एफपुढचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे), आणि एफ/१.८ वर त्याच्या साडेनऊ पटींहून अधिक प्रकाश आत येतो. म्हणजे रंगपटातल्या ज्या उजेडात शटर १/१२५ सेकंदावर ठेवण्यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) ६४०० लावावा लागत होता, तिथे ६४० ते ८०० पुरेल. या लेन्समध्ये स्थिरीकरण नाही हे खरे. परंतु स्थिरीकरण आपल्या हाताचे कंपन सावरते, भुवई रेखणाऱ्या कलावंताचा हात थांबवत नाही. त्यामुळे शटर १/१२५ सेकंदापेक्षा जास्त वेळ शक्यतो उघडे ठेवू नये.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो, कारण नवी लेन्स हाती आल्यावर पहिल्याच आठवड्यात निराशा होते ती हिच्यामुळे. दीड मीटरवरून एफ/१.८ वर स्पष्ट दिसणारी खोली अवघी सहा सेंटिमीटर असते. डोळा स्पष्ट आला तर कान धूसर होतो, आणि फोकस नाकाच्या शेंड्यावर बसला तर डोळेही हातचे जातात. एफ/२.८ वर हीच खोली साडेनऊ सेंटिमीटरच्या आसपास जाते, म्हणून दिवसा पडवीत तिथूनच सुरुवात करावी. १५००डीच्या नऊ फोकस बिंदूंपैकी मधला एकच क्रॉस प्रकारचा (आडव्या आणि उभ्या दोन्ही रेषा ओळखणारा) असल्याने मंद उजेडात भरवसा त्याचाच. तो जवळच्या डोळ्यावर ठेवावा, कॅमेरा न वळवता फोटो घ्यावा आणि चौकट नंतर कापून सुधारावी. २४ मेगापिक्सेलमध्ये तेवढी उधळपट्टी परवडते.

गाज (देवगड)

वरील मताशी मी रात्रीपुरता सहमत आहे. दिवसा किनाऱ्यावर रापण (मासेमारीचे मोठे जाळे) ओढणाऱ्यांचे चेहरे टिपायचे असतील, तर एखाद्या मित्राची ५५-२५० मिमीची लेन्स मागून आणून आधी वापरून पाहावी. चौकट तीच ठेवली तर दूरची पार्श्वभूमी किती विरघळेल हे छिद्राच्या प्रत्यक्ष व्यासावर ठरते: ५० ला १.८ ने भागल्यास सुमारे २८ मिमी येतात, २५० ला ५.६ ने भागल्यास सुमारे ४५. अडचण एवढीच, की तोच छातीपर्यंतचा फोटो २५० मिमीने काढायला सात मीटर दूर उभे राहावे लागते आणि लाटांच्या आवाजात तिथून मारलेली हाक समोरच्याला ऐकू जात नाही.

जांभा (रत्नागिरी)

वापरलेल्या ८५ मिमीचा उल्लेख वाचून लिहीत आहे. मी एका विक्रेत्याकडून अशीच लेन्स बाहेरून चकचकीत पाहून घेतली आणि घरी आल्यावर मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरपा धरला, तेव्हा आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले. ती बुरशी होती. बुरशी साफ करून घेता येते, पण तिने काचेवरचा लेप खाल्ला असेल तर तो परत येत नाही. म्हणून टॉर्चची ही परीक्षा दुकानातच, पैसे देण्याआधी करावी.

नवी लेन्स घेतली तरी आपल्या हवेत तिला चामड्याच्या पिशवीत पावसाळाभर कोंडून ठेवू नये. झाकण घट्ट बसणारा डबा आणि सिलिका जेल एवढे पुरते, फक्त निळे दाणे गुलाबी झाले की ते तापवून वाळवावेत. खाऱ्या वाऱ्यात लेन्स बदलू नये. काचेवर रेती असताना फडके फिरवू नये, आधी फुंकणीने उडवावी.

रापणकाठ (वेंगुर्ले)

सर्वांचे आभार. टेप लावून पडवी मोजली, ती सव्वासात फूट भरली. काल १८-५५ लेन्स ५५ वर ठेवून दीड मीटरवरून आजीचे फोटो काढले. तेवढ्या अंतरावरून तिच्याशी गप्पाही चालू राहतात. ५० मिमीची मागणी नोंदवली आहे. एक शंका उरते: चेहऱ्याच्या एका बाजूला तांबूस छटा येते, ती नव्या लेन्सने जाईल का?

खळ्यातला उजेड (मालवण)

जाणार नाही. तो बहुधा जांभ्या दगडाच्या भिंतीवरून परतलेल्या उजेडाचा रंग आहे. त्या बाजूच्या भिंतीवर, चौकटीबाहेर, एखादे धुतलेले पांढरे धोतर टांगून पाहावे.