प्रतिसाद: पोर्टलवरच्या शिळ्या जाहिराती

नोकरीच्या पोर्टलवर अर्ज टाकून काहीच उत्तर येत नाही, असं वर दोघांनी लिहिलंय. खरं आहे, पण दोष दर वेळी बायोडेटाचा नसतो. बऱ्याच पोर्टलवरच्या जाहिराती दुसरीकडून उचललेल्या असतात. मूळ जागा भरली तरी ती नक्कल तशीच राहते. म्हणून जाहिरातीतला जॉब आयडी (त्या पदाचा क्रमांक) कंपनीच्या करिअर पानावर शोधा. तिथे सापडला नाही तर त्या अर्जावर संध्याकाळ घालवू नका.

आणखी एक, जे इथे कुणी सांगितलं नाही. अनेक कंपन्यांची करिअर पानं ग्रीनहाऊस, लेव्हर अशा भरती-प्रणालींवर (जाहिराती लावायच्या आणि अर्ज घ्यायच्या सॉफ्टवेअरवर) चालतात आणि ती गूगलवरून थेट धुंडाळता येतात. गूगलच्या शोधचौकटीत इंग्रजीत 'साइट' (site) लिहा, त्याला चिकटून कोलन, लगेच त्या प्रणालीचा वेब-पत्ता, मग पदनाम दुहेरी अवतरणात. कोलननंतर मोकळी जागा (स्पेस) सुटली की फक्त त्याच पत्त्यावरचे निकाल दाखवणारी ही गाळणी चालत नाही. बहुतेकांचं इथेच बिनसतं. एकाच कामाला कंपन्या वेगवेगळी नावं देतात, तेव्हा दोन-तीन पदनामं मोठ्या इंग्रजी अक्षरांतल्या 'ऑर'ने (OR) जोडा. मग गूगलच्या 'टूल्स'मध्ये कालावधी मागच्या आठवड्यापुरता ठेवा, नाहीतर पुन्हा जुन्याच जागा समोर येतील.